पाचवं अक्षर

गॅरेजच्या दाराकडे पाठ करून मी वायपर बघत होतो. म्हणजे बाईंना तसं वाटावं अशा बेताने वाकलो होतो. डावा हात वायपरच्या दांडीवर, उजव्या हाताने काचेवरची धूळ पुसली आणि काचेतून आत, डॅशबोर्डच्या कोपऱ्यातल्या बोटभर पट्टीवर नजर टाकली. आर, एम, दोन, तीन. पुढचं अक्षर नीट दिसेना. पुन्हा पुसलं. व्ही.

"वायपर खराब झालेत का?" बाईंनी मागून विचारलं.

"रबर गेलंय," मी म्हणालो.

रबर खरंच गेलं होतं. पण मी रबर बघत नव्हतो, आणि मी काय बघतोय ते त्यांना कळू नये म्हणून हात वायपरवर ठेवला होता. त्या शनिवारी मी जे काही केलं त्यात मला सर्वांत जास्त टोचतो तो हा हात.

डेट्रॉइटच्या दक्षिणेला, नदीकाठी वायनडॉट नावाचं गाव आहे. या सगळ्या पट्ट्याला इथे डाउनरिव्हर म्हणतात. पोलाद, रसायनं आणि मोटारींच्या कारखान्यांतल्या कामगारांची ही जुनी वस्ती. तिथल्या एका किराणा दुकानाच्या फळ्यावर हाताने लिहिलेलं कार्ड होतं: जुनी प्लिमथ, 1970, चालू नाही, 9,000 डॉलर. फोन केला, तर बाई शनिवारी सकाळी या म्हणाल्या.

गाडी त्यांच्या नवऱ्याची. व्हिएतनामहून परतल्यावर साठलेल्या पगारातून त्याने ती 1970 साली कोरी घेतली होती. लग्नानंतर काही वर्षं दोघं तीच वापरत होते, मग मुलं झाली, मोठी गाडी आली, आणि ही 1988 पासून गॅरेजात उभी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. शेजारच्याने सांगितलं, बंद पडलेल्या जुन्या गाडीला आठ-नऊ हजार येतील. त्यावरून कार्डावर तो आकडा आला.

आणि बाहेरून बघणाऱ्याला ते पटलंही असतं. निळा रंग उडून खडूसारखा झालेला. मूळ बॉनेट कधीतरी अपघातात गेलेलं, त्याच्या जागी दुसऱ्याच गाडीचं साधं बॉनेट. मागच्या मडगार्डांच्या खालच्या कडा गंजून जाळी झालेल्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, आणि ते मीठ पत्रा खालून खात वर येतं. बॉनेट उघडलं तर इंजिनावर एकच कार्ब्युरेटर. त्यामुळे ही प्लिमथच्या रोडरनर मॉडेलची कुठलीही साधी गाडी असू शकत होती. ती साधी नाही हे सांगणारं एक अक्षर काचेमागे होतं आणि एक छोटी पट्टी बॉनेटखाली.

प्लिमथ ही क्रायस्लर कंपनीचीच. त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांचा डॅशबोर्डवरचा कारखान्याचा नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच. पहिलं अक्षर गाडीचं घराणं, दुसरं दर्जा, पुढचे दोन आकडे बॉडीचा प्रकार. 23 म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. पाचवं अक्षर इंजिन. सहावा आकडा साल, सातवं अक्षर कारखाना. या गाडीला ए होतं, म्हणजे डेट्रॉइटचाच लिंच रोड कारखाना. पाचव्या जागी एन असेल तर 383 घनइंचाचं इंजिन, रोडरनरला सर्रास असायचं ते. आर असेल तर 426 हेमी, ज्याच्या नावाने लोक आजही वेडे होतात. आणि व्ही म्हणजे 440 घनइंच, त्यावर ओळीने हॉली कंपनीचे तीन कार्ब्युरेटर, कंपनीच्या कागदावर 390 हॉर्सपॉवर. तेव्हाच्या शेव्हरलेत ही सोय नव्हती. 1970 च्या त्यांच्या शेव्हेल मॉडेलचा नंबर कितीही वाचा, कारखान्यातून निघताना तिच्यात नेमकं कुठलं आठ सिलिंडरचं इंजिन होतं ते त्यातून कळत नाही. प्लिमथमध्ये मात्र ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही काचेतून वाचता येतं. फक्त वाचता यायला हवं.

त्या अवस्थेत ती एन असती तर नऊ हजार हा रास्त भाव होता. व्ही असेल आणि आतलं इंजिन तेच मूळचं असेल, तर माझ्या हिशेबाने चाळीस हजारांच्या वर.

मला हे वाचता येतं त्यामागे पंधरा वर्षं आहेत. मी चिंचवडचा. मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीतून 2006 साली मिशिगनला आलो, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि इथलाच झालो. त्याच ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ पाहिली. 1995 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा पूर लोटतो. 1960 च्या दशकात याच रस्त्यावर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पोरं शर्यती लावायची. मी फुटपाथवर खुर्ची टाकून बसलो होतो आणि समोरून एक जांभळी प्लिमथ गेली. तिच्या इंजिनाचा आवाज मला कानाआधी छातीत ऐकू आला. माझं लहानपण बजाज चेतक आणि प्रीमियर पद्मिनीच्या आवाजात गेलेलं. माणसं स्वतःच्या खुशीसाठी असलं काही बनवू शकतात हेच मला नवं होतं.

मग सहकाऱ्यांमधला एक जुना जाणकार गुरू भेटला. क्रायस्लरच्या गाड्यांना आणि सुट्या भागांना इथे मोपार म्हणतात. हा पक्का मोपारवाला. त्याच्यामुळे कळलं की या ताकदवान गाड्यांना मसल कार म्हणतात आणि त्यांची सुरुवात लोक 1964 च्या पाँटियॅक जीटीओपासून धरतात, मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचाचं मोठं इंजिन घालून. की 1968 ची रोडरनर ही त्यातली गरिबाची गाडी होती: आत गालिचासुद्धा नाही, किंमत तीन हजार डॉलरच्या आत, आणि कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला 50,000 डॉलर मोजले. हॉर्नही त्या पक्ष्यासारखा, बीप-बीप. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, 1973 चा तेलाचा फटका बसला, आणि हे सगळं आटोपलं. या गाड्या पोरांनी ठोकल्या, विकल्या, भंगारात घातल्या. ज्या उरल्या त्यांची किंमत आज कुठल्या कुठे गेली आहे. प्लिमथचीच 1971 ची हेमी इंजिनाची कुडा कन्व्हर्टिबल, जेमतेम अकरा बनल्या होत्या, त्यातली एक 2014 मध्ये सिएटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली.

त्या गुरूच्या नादाने मीही शनिवार-रविवार गॅरेज सेल, म्हणजे लोक घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात ते, पालथे घालू लागलो. एकदा लिव्होनिया गावात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेज सेलमध्ये टेबलाखाली फळांच्या खोक्यात तीन हॉली कार्ब्युरेटर दिसले, त्यांच्या मॅनिफोल्डसकट. साठ डॉलर द्या म्हणाले. मी घासाघीसही केली नाही, पैसे दिले आणि निघालो. साफ करून, नंबर जुळवून ते 1,900 डॉलरला विकले. तेव्हा मला ते माझ्या अभ्यासाचं बक्षीस वाटलं होतं. मंडळाच्या दिवाळीत मी तो किस्सा रंगवून सांगितल्याचं आठवतंय.

वायनडॉटच्या बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी दिली, केळ्याचा ब्रेड कापून दिला. नवऱ्याचे फोटो दाखवले. एका फोटोत तो त्याच निळ्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता, मूळच्या बॉनेटला. मी दुसरा तुकडा घेतला. मग त्यांनी सरळ विचारलं, "नऊ हजार रास्त आहेत ना? मला यातलं काही कळत नाही."

मी म्हणालो, "बंद गाडीच्या मानाने ठीक आहेत."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. पाचशे डॉलर इसार दिला, त्यांनी वहीच्या पानावर पावती लिहून दिली, पुढच्या शनिवारी उरलेले पैसे आणि गाडी उचलायला ट्रेलर असं ठरलं. दारापर्यंत सोडायला आल्या. उरलेला ब्रेड फॉइलमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला.

मोपारवाल्याला मी रस्त्यातूनच फोन केला. तो जवळजवळ ओरडलाच. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि मी ते हलकं मानत नाही. भाव तिने लावला, तू नाही. तिला कुणी अडवलं होतं चौकशी करायला? तू पंधरा वर्षं डोकं घातलंस, पैसे घालवलेस, नाही नाही त्या गाड्यांखाली पाठ घासलीस. त्या ज्ञानाला काही किंमत आहे की नाही? डॉक्टर, वकील, सोनार, सगळे आपल्याला ठाऊक असलेल्या आणि समोरच्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींवरच जगतात. आणि तू नाही घेतलीस तर पुढचा माणूस घेईल, तो तिला पाच हजारच देईल.

दोन दिवस मी हे सगळं स्वतःला ऐकवत राहिलो. बुधवारी मंडळाच्या बैठकीला एक वकील मित्र भेटला. मी गाडीची गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगितली. तो म्हणाला, या प्रश्नावर अमेरिकेत दोनशे वर्षांपूर्वीचाच निकाल आहे. 1815 च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला पहाटे बातमी लागली की इंग्लंडशी तह झाला, युद्ध संपलं. नाकेबंदी उठणार, तंबाखूचा भाव चढणार. बातमी गावभर व्हायच्या आत तो गेला आणि त्याने 111 पिंपं तंबाखू जुन्या भावाने ठरवली. विकणाऱ्याने विचारलंसुद्धा, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का? तो गप्प बसला. मग भाव 30 ते 50 टक्के चढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1817 साली सरन्यायाधीश मार्शल यांनी म्हटलं, घेणाऱ्यावर आपल्याकडची माहिती सांगण्याचं बंधन नाही.

मला हायसं वाटलं. पण तो थांबला नव्हता. "त्याच निकालात पुढे असंही आहे," तो म्हणाला, "की दोघांपैकी कुणीही समोरच्याची फसगत होईल असं काही बोलता कामा नये, करता कामा नये." ऑर्गन नुसता गप्प बसला की आणखी काही केलं, हे तपासायला न्यायालयाने प्रकरण पुन्हा खाली पाठवलं होतं.

बोलता कामा नये. 'बंद गाडीच्या मानाने ठीक आहेत.' करता कामा नये. वायपरवरचा हात.

मग त्याने इथल्याच, मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1887 चा निकाल सांगितला. इथे वकिलीच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक जण तो शिकतो म्हणे. व्हिस्कीवाल्या हायरम वॉकरच्या कंपनीकडे रोझ नावाची उंची जातीची गाय होती. ती भाकड आहे असं समजून त्यांनी ती शेरवुड नावाच्या सावकाराला वजनावर विकायचं ठरवलं, साडेपाच सेंट पौंड, सगळी मिळून ऐंशी डॉलर. गाय न्यायच्या आधी कळलं, ती गाभण आहे. मग तिची किंमत साडेसातशे ते हजार डॉलर. वॉकरने गाय द्यायला नकार दिला आणि न्यायालयाने तो मान्य केला: दोघांनीही भाकड समजून सौदा केला, दोघांचीही चूक, मग सौदाच झाला नाही. हा शेरवुड राहणारा वेन काउंटीतल्या प्लिमथ गावचा. वायनडॉटही वेन काउंटीतच. नावांचा हा योग ऐकून मित्र खूश झाला. मी नाही झालो. कारण माझ्या सौद्यात चूक दोघांची नव्हती. रोझ गाभण आहे हे मला गोठ्यात शिरल्या शिरल्या कळलं होतं.

रात्री बायकोला सगळं सांगितलं, ब्रेडसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजींचा शालू."

माझ्या आजीचा लग्नातला शालू होता. खऱ्या जरीचा. अंग विरलं होतं, पण पदर आणि काठ शाबूत होते. मी सात-आठ वर्षांचा असताना दुपारी बोहारीण आली. आजीने जुने कपडे काढले, त्यात शालूही काढला, फाटका म्हणून. बोहारणीने तो उलगडला, काठ बोटांत धरून चुरगाळल्यासारखं केलं, आणि बाजूला ठेवून आधी आजोबांच्या धोतरांबद्दल बोलत बसली. धोतरांचं बोलणं संपेपर्यंत शालूचा विषय नाही. शेवटी सगळ्याला मिळून स्टीलची दोन पातेली आणि एक झाकणाचा डबा. पुढे आळीतल्या सोनाराकडून कळलं की असा शालू जाळला की चांदी निघते, वर सोन्याचं पाणी असतं ते वेगळंच. आजी त्या डब्यात कधी काही ठेवायची नाही. मोठा झाल्यावर मी एकदा म्हटलं, एवढं काय, गेली थोडी चांदी. ती म्हणाली, "चांदीचं नाही रे. मी तिला ताक दिलं होतं. ते पीत पीत तिने मला गंडवलं."

ती बोहारीण उन्हातान्हात डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी होती. तिच्या घरी त्या चांदीने काय झालं असेल, चार दिवस भाकरी की पोराची फी, मला माहीत नाही, आणि आज मला तिचा रागही येत नाही. माझं तसं काही नव्हतं. माझ्या घरी कुणी उपाशी नव्हतं. मला गाडी हवी होती, एवढंच.

शनिवारी ट्रेलर न घेता गेलो. बाईंनी दार उघडलं, रस्त्याकडे बघितलं, म्हणाल्या, "गाडी न्यायला काही आणलं नाहीत?"

पुन्हा तेच टेबल. मी पावती टेबलावर ठेवली आणि सांगायला लागलो. पाचवं अक्षर, 440, तीन कार्ब्युरेटर, इंजिन मूळचं असेल तर किती, नसेल तर किती. कागदावर लिहून दाखवलं. त्या ऐकत होत्या. माझी अशी समजूत होती की मी बोलून थांबलो की त्यांना आनंद होईल.

"म्हणजे मागच्या शनिवारी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

त्या उठल्या. माझ्यासमोरचा कप अर्धा भरलेला होता, तो उचलून त्यांनी सिंकमध्ये ओतला. "माझ्या मुलाशी बोलावं लागेल," म्हणाल्या. पाचशेच्या इसाराचा चेक त्यांनी तिथल्या तिथे लिहून परत केला. मी निघालो. दारापर्यंत त्या आल्या नाहीत, आणि त्यांनी यावं असं मी काही केलंही नव्हतं.

सहा दिवसांनी मुलाचा फोन आला, ओहायोतून. पहिलाच प्रश्न, तुला यातून काय मिळणार? मला तो प्रश्न अजिबात लागला नाही; त्याने तो विचारायलाच हवा होता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दाखवा. दोन स्वतंत्र मूल्यांकन करणाऱ्यांची नावं देतो, ती आवडली नाहीत तर तुम्ही तिसरा शोधा, मी तिथे येणारही नाही. त्याने तसंच केलं. महिन्याभराने बाईंनीच फोन केला. मूल्यांकन करणाऱ्याने माझ्यासारखंच सांगितलं होतं, फक्त इंजिनाचा नंबर बघायला गाडी वर घ्यावी लागेल म्हणाला. "तुम्हाला ते येतं का?" त्यांनी विचारलं.

या वेळी सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत केलं. गाडी चार स्टँडवर घेतली. खाली सरकून, ब्लॉकच्या खालच्या कडेला ऑइल पॅनच्या वर तारेचा ब्रश आणि केरोसीनने चाळीस वर्षांचा चिकटा काढला. आधी काहीच दिसेना. मग टॉर्च तिरपा धरल्यावर आकड्यांच्या सावल्या उमटल्या. गाडीच्या नंबराची शेवटची आठ अक्षरं तिथे ठोकलेली असतात. मी एकेक वाचत गेलो, बाई वर डॅशबोर्डवरून एकेक ताडून बघत गेल्या. आठही जुळली. गिअरबॉक्सवरचीही जुळली. बॉनेटखाली डाव्या मडगार्डच्या आतल्या अंगाला दोन स्क्रूंनी लावलेली पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर ई 87, म्हणजे 440 तीन कार्ब्युरेटरवाली, आणि डी 21, चार गिअर. मग मागचं सीट उचकटलं. स्प्रिंगमध्ये घड्या पडलेला एक कागद अडकला होता, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. कारखान्यात गाडी जोडताना बरोबर फिरणारा कागद तो. काम झालं की कामगार तो सीटमध्ये सोडून द्यायचे. पन्नास वर्षांनी तो बाईंनी स्वतःच्या हाताने बाहेर काढला, दारातल्या उजेडात नेला, आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या. त्या कागदावर त्यांना कळण्यासारखं काही नव्हतं, सगळे कोड. तरी वाचत होत्या.

तीन कार्ब्युरेटर मात्र घरात कुठेच सापडले नाहीत. कधी काढले, कुणाला दिले, बाईंना आठवेना. असा संच या गाडीच्या किमतीत किती भर घालतो ते मला चांगलं ठाऊक होतं. तसाच एक मी विकून मोकळा झालो होतो.

विकायचं काम मी करायचं ठरलं. मुलाने लेखी करार केला: विक्रीच्या आठ टक्के मला, आणि मी स्वतः किंवा माझ्या ओळखीच्या कुणी गाडी घ्यायची नाही. शेवटची अट त्याची. मी सही केली. खोटं सांगणार नाही, सही करताना पोटात तुटलं. आतापर्यंत कुठेतरी वाटत होतं की खरं सांगितल्यावर बाई म्हणतील, तुम्हीच घ्या, थोडं कमी करून. तसं काही झालं नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं.

गाडी आधी नवऱ्याच्या नावावरून बाईंच्या नावावर करावी लागली. मृत्यूचा दाखला घेऊन आम्ही सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात गेलो. इथे गाड्यांची कागदपत्रं तिथे होतात. मग फोटो, कागद, गंजाचे फोटो वेगळे, काय नाही त्याची यादी वेगळी. बघायला सात जण आले. त्यातले दोघे बाईंना एकटं गाठून म्हणाले, या भंगाराचे पंधरा हजार रोख देतो, आत्ताच्या आत्ता. बाईंनी त्यांना पाचवं अक्षर काय आहे ते विचारलं.

43,000 ला गेली. माझे 3,440.

आमच्या या छंदात एक गोष्ट मला आता सहन होत नाही. कुणी 383 च्या गाडीला खोटी पट्टी लावून, नंबर घासून 440 म्हणून विकली, तर आम्ही सगळे पेटून उठतो. त्याचं नाव गावभर करतो. आणि विकणारी बाई फसली, तर त्याला आम्ही शोध म्हणतो, गॅरेजातून रत्न काढलं म्हणतो, टाळ्या वाजवतो. दोन्हीकडे एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. जुन्या भागांच्या बाजारात टेबल मांडून बसलेल्या धंदेवाल्याशी मी आजही गप्प राहून सौदा करतो. तो माझ्याशी तसाच वागतो, दोघंही डोळे उघडे ठेवून उभे असतो. पण ज्याने एकदाच, एकच वस्तू विकायला काढली आहे, तीही घरातलं माणूस गेल्यावर, त्याच्याशी मी भावाचं बोलणं सुरूच करत नाही. आधी विचारतो, हिची चौकशी केलीत का, कुणाकडे? केली नसेल तर मला जे दिसतं ते सांगतो, दुसऱ्याला दाखवा म्हणतो, आणि घरी येतो. अशा दोन गाड्या त्यानंतर हातच्या गेल्या. एक मिळाली, प्लिमथचीच साधी सॅटेलाइट, 318 घनइंचाच्या इंजिनाची; ती तिच्या रास्त किमतीला घेतली.

मोपारवाला आता माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. मी त्याला नावं ठेवतोय असं त्याला वाटतं. हे मला खरंच जड जातं, कारण मला जे काही वाचता येतं ते त्याने शिकवलं.

राहता राहिले लिव्होनियाचे साठ डॉलर. घर मला आठवत होतं, कोपऱ्यावरचं, दारात निळ्या स्प्रूसचं झाड. मागच्या उन्हाळ्यात दोनदा त्या रस्त्याने गाडी नेली आणि दोन्ही वेळा थांबलो नाही. टपालपेटीवर आडनाव होतं. साफसफाई, नंबर जुळवणं, गिऱ्हाईक शोधणं हे माझं काम होतं, ते धरून निम्मा वाटा माझा असं मी ठरवलं. 1,900 मधून 60 वजा, त्याचे निम्मे 920. चेक लिहिला, सोबत पत्र लिहिलं: फळांच्या खोक्यातले तीन कार्ब्युरेटर, मी ते कितीला विकले, मला घेतानाच माहीत होतं. पत्र चार वेळा लिहावं लागलं. 'घेतानाच' हा शब्द दर वेळी गळत होता.

टपालात टाकून सात आठवडे झाले. पाकीट परत आलेलं नाही. चेकही अजून वटलेला नाही.